गायींचा हॉलंटर

मी दातांची डॉक्टर. दुबईत अल बर्शाला दवाखाना, तिथंच घर, नवरा आठवड्यातले पाच दिवस अबुधाबीला. अशा सगळ्या सरळ मांडणीत वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी मी घोड्यावर बसायला शिकले, आणि तेही नुसतं बसायला नाही, तर कटिंग नावाच्या खेळासाठी. नाशिकला सासूबाईंना फोनवर हा खेळ समजावता समजावता माझ्या घशाला कोरड पडली. म्हटलं, तीसेक गायींचा कळप असतो. आपण घोड्यावर बसून हळूच कळपात शिरायचं आणि एक गाय वेगळी काढायची. मग ती गाय परत कळपात घुसायला बघते आणि घोडा तिला आडवा येतो. ती डावीकडे की हा डावीकडे, ती उजवीकडे की हा उजवीकडे. अडीच मिनिटांनी बझर वाजतो आणि परीक्षक गुण देतात. सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, तेवढा वेळ दवाखान्यात कोण असतं?

हे सगळं आधीच सांगून टाकते, कारण ज्यांच्याविषयी लिहायला बसलेय त्यांना या खेळातल्या घोड्यांत काडीचाही रस नव्हता. आमचा क्लब म्हणजे अल ऐनच्या रस्त्यावरचं एक फार्म, तिथलं वाळूचं रिंगण, डझनभर घोडे आणि थंडीच्या दिवसांत दर शनिवारी जमणारे देशोदेशीचे हौशी लोक. या क्लबात काका नऊ सीझन राबले आणि या नऊ सीझनांत एकदाही घोड्यावर बसले नाहीत. एकदा अमेरिकेहून एक नावाजलेला घोडा आला होता. सगळे फोटो काढायला धावले. मी काकांना ओढत नेलं. त्यांनी घोड्याभोवती एक फेरी मारली, पाय बरं हायत म्हणाले, आणि मग अगदी मनापासून विचारलं की हे घरी न्हेऊन करायचं काय. उत्तराची वाट न बघता ते गायींकडे चालते झाले.

काका हे नाव मीच पाडलं. त्याआधी पाच वर्षं सगळे त्यांना नुसतंच 'मिस्टर' म्हणत. मी पहिल्याच दिवशी, समोर टोपी घातलेला, मिशा पांढऱ्या झालेला मराठी माणूस दिसल्यावर सवयीनं काका म्हटलं. आमच्या ब्राझीलच्या ट्रेनरनं ते ऐकलं आणि त्याला वाटलं, चला, कळलं एकदाचं नाव. पुढच्या सीझनला त्यांच्या गळ्यात बिल्ला आला, मिस्टर काका. त्यांनी तो कौतुकानं उलटसुलट करून पाहिला. मला मात्र त्यांनी कधी पोरी म्हटलं नाही. मी ताई. चिडले की डॉक्टरीणबाई.

मूळचे ते माणदेशातले. एअर कंडिशनच्या पत्र्याच्या नळ्या बनवणाऱ्या कंपनीत फोरमन होते आणि इंटरनॅशनल सिटी नावाच्या वस्तीत चौघांच्या खोलीत राहायचे. एकदा फार्मवरच्या ऑफिसात नळी बसवायला आले, काम आटोपलं, आणि गाडी सुटायची वेळ झाली तरी यांचा पत्ता नाही. शोधलं तर कुंपणाशी उभे राहून गायी बघत होते. पुढच्या सुट्टीला स्वतःहून आले, बस बदलत, शेवटचा रस्ता चालत. काय काम करणार विचारलं तर म्हणाले, गुरांजवळ असंन की. क्लबानं त्यांना हिरवा टी-शर्ट दिला. पाठीवर मोठ्या अक्षरांत व्हॉलंटियर. तो शब्द त्यांच्या जिभेवर कधीच नीट बसला नाही. गावाकडं फोनवर ते ऐटीत सांगायचे, मी हितं हॉलंटर हाय. तिकडच्या लोकांना ती मोठी पोस्ट वाटायची आणि काकांनाही वाटायची.

आता या हॉलंटरचं काम काय, ते सांगते. दोनतीनदा वेगळी काढलेली गाय शहाणी होते. परत कळपाकडे धावायचंच सोडते, नुसती उभी राहते. मग तिचा खेळाला उपयोग नाही. म्हणून कुठली गाय कुणी काढली, ताजी कुठली उरली, यावर कुणीतरी डोळ्यांत तेल घालून नजर ठेवावी लागते. इतर क्लबांत यासाठी म्हणे कागदावर खुणा करतात. आमच्याकडे काकांची शाळेची दुरेघी वही होती आणि तीत प्रत्येक गायीचं नाव. कपाळावर पांढरा टिकला ती चांदी. ठिपक्याठिपक्यांची ती कबरी. शेपटाचा गोंडा झडलेली ती बांडी. मग तांबडी, भुरी, आणि एक कायम दुसऱ्यांच्या मागं दडणारी, तिचं नाव सासुरवाशीण. घोडेस्वार रिंगणात शिरायच्या आधी काकांजवळ यायचे आणि काका हळूच नाव सांगायचे. तुम्हाला सांगते, तो सहा फुटी ब्राझिलियन घोड्यावरून वाकून 'काका, तांबडी ऑर बांडी?' असं विचारायचा तेव्हा मला हसू आवरायचं नाही. क्लबात इंग्रजी होतं, अरबी होतं, पोर्तुगीज होतं. गायींचा सगळा कारभार मात्र मराठीत चालायचा. सासुरवाशीण तेवढी कुणाला म्हणता आली नाही. तिला सगळे 'सासू' म्हणायचे, आणि मी काही दुरुस्ती केली नाही.

दुसरं काम कळप शांत करायचं. नवी जनावरं रिंगणात आणली की बिचकलेली असतात, इकडून तिकडे पळतात. काका हात पाठीमागं बांधून त्यांच्यातून फिरायचे आणि बोलायचे. एकदा मी कान देऊन ऐकलं. मला वाटलं काही मंत्रबिंत्र असेल. काका गायींना गावाकडच्या बातम्या सांगत होते. कुणाच्या बोअरला पाणी लागलं, सोसायटीत कोण निवडून आलं, कुणाच्या पोरीचं जमलं, कुणाचं मोडलं. पाच मिनिटांत कळप रवंथ करायला लागला. ट्रेनर म्हणायचा, त्यानं स्वतः हेच करायचं तर अर्धा तास लागतो. मग तूही बातम्या सांग, असं मी त्याला सुचवलं, तर म्हणाला त्याच्या गावात काही घडतच नाही.

गायींच्या बाबतीत ते कुणाची भीडभाड ठेवत नसत. रिंगणाच्या आसपास 'यल्ला', म्हणजे 'चला, आवरा', म्हणायला बंदी होती. घाई केली की जनावराच्या पोटात गोळा येतो, असं त्यांचं म्हणणं. दुसरी बंदी अत्तराला. फार्मचे मालक अमिराती, बँकेतून रिटायर झालेले, अतिशय सभ्य गृहस्थ. ते शेख वगैरे नव्हते, पण ज्याच्या दावणीला तीस गायी तो शेख, अशी काकांची सोपी व्याख्या होती. तर या शेखसाहेबांच्या कपड्यांना उदाचा घमघमाट असायचा. एका शनिवारी काकांनी त्यांना हाताला धरून वाऱ्याच्या उलट्या बाजूला नेऊन उभं केलं आणि आपल्या हिंदीत सांगितलं, "साब, तुम अच्छा आदमी है, लेकिन वास बहुत आता है." आम्ही सगळे गारठलो. मालक पोट धरून हसले. त्यानंतर शनिवारी ते अत्तर लावून आले नाहीत. त्यांच्या स्वतःच्या फार्मवर, हे लक्षात घ्या.

माझ्याशीही त्यांनी असाच उभा दावा मांडला होता. या खेळात गाय वेगळी झाली की स्वारानं लगामाचा हात घोड्याच्या मानेवर टेकवायचा आणि तिथंच ठेवायचा. पुढचं सगळं घोड्यानं ठरवायचं. आता मला सांगा, दिवसभर लोकांच्या तोंडात केसभर इकडंतिकडं न होऊ देता काम करणारी मी. माझा हात आपोआप वर यायचा. आला की गुण कापले. काका कुंपणाबाहेरून ओरडायचे नाहीत, पण माझी फेरी संपली की जवळ येऊन म्हणायचे, डॉक्टरीणबाई, त्या घोड्याची दाढ दुखत न्हाय. हे त्यांनी एकदा नाही, सीझनभर ऐकवलं. शेवटी माझा हात खाली राहायला लागला तो त्यांच्या या टोमण्याला वैतागून.

बेंदराची गोष्ट सांगितल्याशिवाय काका पुरे व्हायचे नाहीत. त्यांच्याकडे पोळ्याऐवजी बेंदूर. तो खरा आषाढात, पण आषाढात इथं बाहेर उभं राहिलं तर माणूस भाजून निघतो, क्लबही बंद. म्हणून काकांनी बेंदूर पुढे ढकलून सीझनच्या पहिल्या दिवसावर आणला. मला म्हणाले, ताई, थोड्या पोळ्या हव्यात. मी बावळट, किती विचारलंच नाही. मग कळलं, गायी अठ्ठावीस. आमच्या इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या चार बायकांना हाताशी धरून मी पुरण घातलं. सकाळी गेले तर गायींच्या गळ्यात झेंडूच्या माळा, कपाळाला कुंकू, आणि काका एकेकीला पोळी भरवताहेत. मला गहिवरून आलं. मी व्हिडिओ काढले. त्या दिवशी सीझनमधली पहिली स्पर्धा होती आणि परीक्षक बाहेरदेशाहून आलेले होते, हे माझ्या डोक्यातून साफ गेलं होतं.

पहिला स्वार शिरला. त्यानं कबरीला बाहेर काढलं. कबरी दोन पावलं चालली आणि उभी राहिली. घोडा पाय वाकवून तयार, डोळे रोखलेले, आणि कबरी त्याच्यासमोर आरामात रवंथ करतेय. दुसऱ्यानं भुरीला काढलं, भुरी खाली बसली. तिसऱ्याच्या घोड्यानं गाय सोडून तिच्या गळ्यातली माळ खाल्ली. तेव्हा चौकशी झाली आणि कळलं की काकांनी पहाटेच सगळ्यांना पोटभर हिरवा चारा घातला होता, वर सरकी, वर माझी पोळी. ट्रेनर लालबुंद झाला. स्पर्धेच्या सकाळी गायींना अर्धपोटी ठेवतात हे काकांना माहीत नव्हतं असं नाही. त्यांनीच तर ते आम्हाला शिकवलं होतं. त्यांचं म्हणणं एवढंच, की बेंदराच्या दिवशी जनावराला कुणी कामाला जुंपत नाही, आणि हे काय सांगायची गोष्ट आहे का? पुढच्या वर्षीपासून मालकांनी पहिल्या शनिवारी स्पर्धा ठेवणंच बंद केलं. वेळापत्रकात त्या दिवसापुढे छापलं जायचं, गायींना सुट्टी.

असा माणूस जाणार, ही कल्पनाच कुणाला सहन होईना. गेल्या सीझनला काका साठीला पोचले. कंपनीचा नियम साठ, व्हिसा कंपनीचा, म्हणजे मार्चअखेर खलास. सत्तावीस वर्षांनी घरी. आता हे ऐकून एखादी शहाणी बाई म्हणाली असती, बरं झालं हो काका, आराम करा. पण मी पडले करतीसवरती. मी मालकांना गाठलं, ट्रेनरला मध्ये घातलं, आणि महिनाभर पाठपुरावा करून जमवून आणलं. फार्मवरच नोकरी, गायींचे मुकादम, राहायला स्वतंत्र खोली, व्हिसा मालकांचा. मालक तर मनापासून खूश होते, म्हणाले, हा माणूस गेला तर मी पुन्हा अत्तर लावायला लागेन. मी मोठ्या फुशारकीनं ही बातमी काकांना सांगितली. वाटलं, आता डोळ्यांत पाणीबिणी येईल.

काका म्हणाले, बगू.

पुढच्या शनिवारी विचारलं, बगू. त्याच्या पुढच्या शनिवारी तेच. गाडीत इंटरनॅशनल सिटीपर्यंत सोडायला जाताना मी त्यांना सगळ्या बाजूंनी समजावलं, खोलीला खिडकी आहे इथपर्यंत सांगितलं. ते बाहेर बघत मान हलवत राहायचे. मला राग यायला लागला होता, खोटं कशाला बोलू? माणसानं हो म्हणावं नाहीतर नाही म्हणावं. मालक उत्तराची वाट बघत होते आणि व्हिसा संपायला जेमतेम चार दिवस उरले तरी यांचं आपलं बगू.

सीझनच्या शेवटच्या शनिवारी ट्रेनरनं फतवा काढला, की आज काकांनी घोड्यावर बसायचं. क्लबातली सगळ्यात म्हातारी, सगळ्यात समजूतदार घोडी त्यांच्यासाठी तयार केली. काका नको म्हणाले, नवरदेव असतानासुद्धा मी घोड्यावर बसलो न्हाय, ट्रॅक्टरातनं गेलोय. पण सगळे इतके मागं लागले की शेवटी दोघांनी धरून त्यांना वर चढवलं. हिरवा टी-शर्ट, हेल्मेटखाली टोपी तशीच. तिथून खाली आम्हा सगळ्यांकडे बघत म्हणाले, लईच उंच हाय की.

ते कळपात शिरले आणि पहिला घोटाळा झाला. गायी यांना बिचकेनातच. उलट सगळ्या घोडीभोवती गोळा झाल्या. बातम्या ऐकायची सवय. बाकीच्यांना एक गाय बाहेर काढताना नाकी नऊ येतात, यांना बाकीच्या सत्तावीस मागं ठेवताना आले. कशीबशी चांदी एकटी बाहेर राहिली. काकांनी हात घोडीच्या मानेवर टेकवला, असा टेकवला की मला माझी लाज वाटली. चांदी डावीकडे पळाली, घोडी डावीकडे. चांदी वळली, घोडी वळली. काका दुसऱ्या हातानं खोगीर घट्ट धरून, डोळे मोठे करून, पण बसले होते. आम्ही कुंपणावर चढून आरडाओरडा करत होतो. मी तर यल्ला यल्ला करत होते, स्वतःच.

मग चांदी थांबली. घोडीच्या पलीकडे उभ्या कळपाकडे मान उंच करून हंबरली. पुन्हा एकदा हंबरली आणि घोडीच्या बगलेतून जायला बघायला लागली. निम्म्याहून जास्त वेळ शिल्लक होता. काकांनी लगाम उचलला, घोडी बाजूला घेतली आणि वाट मोकळी करून दिली. चांदी शेपूट वर करून पळाली ती थेट कळपात.

गाय अजून परतायला बघत असताना स्वारानं माघार घेतली तर सरळ तीन गुण जातात. हे काकांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. बझरची वाट न बघता ते फाटकाशी आले. परीक्षकांनी साठ दिले. या खेळात त्याहून कमी देताच येत नाहीत. तरी टाळ्या अशा पडल्या की घोडी दचकली. मालकांनी पुढे होऊन त्यांना उतरवून घेतलं आणि हसत विचारलं, काका, व्हाय? काकांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाले, साब, गुस्सा मत करो, मेरेको जाने का है.  मालकांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला, मान हलवली आणि काही न बोलता बाजूला झाले.

मी मात्र बोलले. माझा धीर केव्हाच सुटला होता. काकांना कुंपणाशी गाठून मी सगळी भडास काढली. महिनाभर तुमच्यासाठी लोकांच्या पाया पडतेय, एका शब्दानं सांगता येत नव्हतं का, मला काय वेड लागलं होतं का, वगैरे वगैरे. काकांनी पूर्ण ऐकून घेतलं. हेल्मेट अजून डोक्यावरच होतं.

"ताई, कारभारीण आधी दर फोनला इचारायची," ते म्हणाले. "कवा येताय, कवा येताय. मी म्हनायचो, एवढं वर्स झालं की. दोन वर्सं झाली, इचारायचं सोडलं तिनं. परवा मी म्हनलं, हितं नवी नोकरी मिळतीया, ऱ्हाऊ का? तर नुसतं 'बरं' म्हनली." त्यांनी हेल्मेट काढलं. "भांडली असती तर ऱ्हायलो असतो."

माझा राग कुठल्या कुठं गेला. त्या जागी काय आलं, ते सांगायला लाज वाटते, पण मला माझ्या नवऱ्याची आठवण आली, जो दर रविवारी संध्याकाळी अबुधाबीला निघताना येतो म्हणतो आणि मी मोबाइलमधून डोकं वर न काढता बरं म्हणते. मी काकांना म्हटलं, मग आत्ता फोन करा. आत्ता, माझ्यासमोर. उद्या पुन्हा बगू म्हणाल.

त्यांनी लावला. पलीकडून आवाज आला तसे काका खाकरले आणि एका दमात बोलून गेले, की बुधवारी येतो, कायमचा येतो, नोकरीला नको म्हनलं. पलीकडे काहीच नाही. इतका वेळ काही नाही की फोन कट झाला असं वाटून काकांनी तो कानापासून काढून बघितला, आणि तेवढ्यात त्यातून आवाज सुरू झाला तो मला दोन हातांवरून ऐकू येत होता. बुधवारी म्हंजी किती वाजता? कुठल्या इमानानं? बॅगा किती हायत, न्यायला कुणाला धाडू, पुण्यात जेवनार का घरला? आन् चार दिस आधी सांगताय व्हय, घराला चुना लावायचा राहिलाय, ते कोण करायचं?

काका फोन तसाच हातात लांब धरून उभे होते. मिशांखाली ते हसत होते.

"इचारती हाय, ताई," ते म्हणाले.